परत म्हणजे पुन्हा

मिस्त्रींच्या घरी टपाल आलं की पाकीट आधी उघडत नसत, तोलत. बायको ते उजव्या तळहातावर ठेवायची, दोनदा वर-खाली करायची आणि दारातूनच आत हाक द्यायची, “जाड आहे हो!”

जाड म्हणजे परत आलं. शब्दकोडं, त्याच्या उत्तराचा कागद आणि वर्तमानपत्राची छापील चिठ्ठी असे तीन कागद घडी घालून आत बसले की पाकिटाला बेतशीर पोट सुटतं. पातळ पाकीट म्हणजे नुसतं पत्र, आणि नुसतं पत्र म्हणजे कोडं घेतलं. निदान त्या घरात तरी असा ठाम समज होता. अकरा वर्षांत पातळ पाकीट एकदाही आलं नसल्यामुळे समज खरा की खोटा हे बघायची वेळ कोणावर आली नव्हती.

पाकिटावरचा पत्ता मिस्त्रींच्याच हातचा असायचा. पेपरवाल्यांचा नियमच तसा होता. साहित्यासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट जोडायचं. म्हणजे आपला नकार आपल्याच अक्षरात, आपल्याच तिकिटावर घरपोच. मिस्त्री तो पत्ता फार सुबक काढायचे.

मिस्त्री फरशी बसवणारे. गुडघ्यांना रबरी ढाली, कानावर चपटी पेन्सिल, आणि कुठेही गेले की एक डोळा मिटून जमिनीची सरळ रेघ बघायची खोड. लोकांच्या घरी ते आधी जमीन बघत, मग माणसं. बायको म्हणायची, “मला बघायला आले तेव्हासुद्धा यांनी मला नंतर बघितलं. आधी आमच्या ओट्यावरची पोकळ वाजणारी फरशी बघितली.” त्यावर मिस्त्री म्हणायचे, “ती फरशी अजून पोकळच आहे. तू मात्र पक्की निघालीस.” बायको दवाखान्याच्या चादरींच्या विभागात होती. दिवसाला तीनशे चादरींच्या घड्या घालून घालून तिला घरातलीही कुठलीच गोष्ट उलगडलेली ठेवता येत नसे. पेपरच्या चिठ्ठ्यासुद्धा चौघडी होऊन कपाटाच्या खालच्या खणात जात.

बघण्याच्या त्या दिवशी मिस्त्रींना आणखी एक पोकळ आवाज ऐकावा लागला होता. मुलीचे वडील भाषेचे मास्तर. तीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी मुलांच्या वेलांट्या सरळ केल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “शिक्षण?”

“नववी.”

“पूर्ण?”

खोटं बोलायला मिस्त्रींची जीभ वळत नसे. “अर्धी. सहामाही दिली, तेवढ्यात वडील गेले. मग कामाला लागलो.”

मास्तरांनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे साडेआठवी.”

कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. ते विनोद करतच नसत, ते चुका दुरुस्त करत. मुलगी हट्टाला पेटली म्हणून लग्न झालं, पण साडेआठवी हे नाव मिस्त्रींना चिकटलं ते पांढऱ्या सिमेंटसारखं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा सासूबाई गेल्या आणि मास्तरांच्या डोळ्यांत धुकं उतरायला लागलं. मग दोन पेट्या पुस्तकं, एक भिंग आणि रविवारची एक सवय घेऊन ते लेकीकडे राहायला आले. तिथेही जावयाला हाक मारायची झाली की ते लेकीला विचारत, “साडेआठवी आले का कामावरून?”

रविवारची सवय म्हणजे पुरवणीतलं शब्दकोडं. मास्तर ते शाईच्या पेनाने सोडवत. “पेन्सिलीने कोडं सोडवणारा माणूस मनातून आधीच हरलेला असतो,” असं त्यांचं मत होतं. डोळे अधू झाल्यापासून लेक सूचना वाचून दाखवायची आणि मास्तर भिंगाखाली एकेक अक्षर चौकोनात टेकवायचे. तेवढा तास घरात कोणी भांडंही आपटायचं नाही.

अशाच एका रविवारी लेकीने वाचलं, “आडवा शब्द, चार अक्षरी. भिंतीचा सरळपणा बघण्याचं साधन नव्हे, पण त्याच कुळातलं. काटकोन दाखवतं.”

मास्तर अडले. दारात मिस्त्री बूट घालत होते. ते सहज म्हणाले, “काटकोन तर गुण्या दाखवतो. पण चार अक्षरी म्हणजे काटकोनी असेल. काटकोनी पट्टीला पण म्हणतात काही जण.”

शब्द बरोबर बसला. मास्तरांनी तो लिहिला, टोपण लावलं, आणि वर न बघता म्हणाले, “जावईबापू, तुम्ही फरशी बघा.”

मिस्त्री फरशी बघायला गेले. पण त्या दिवशी एका नव्या घराच्या रिकाम्या खोलीत, फरशीच्या खोक्यावर बसून डबा खाताना त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं ते शिरलंच. आपण एक कोडं करायचं. ते पुरवणीत छापून आणायचं. आणि एका रविवारी मास्तरांनी, कोणाचं आहे हे माहीत नसताना, पेनाचं टोपण काढून ते सोडवायला बसायचं. बास. बाकी काही नको. माणसाच्या इच्छा अशा लहान असल्या की त्या पुऱ्या व्हायला फार वेळ लागतो.

काळे चौकोन, पांढरे चौकोन. मिस्त्रींना वाटलं, हे तर आपलंच काम आहे. त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पट्टीने रेघा मारल्या आणि शब्द बसवायला घेतले. ‘घर’ बसलं. ‘दगड’ बसला. ‘पुस्तक’ बसवताना मात्र हात थांबला. पु, मग अर्धा स, मग त, मग क. अर्ध्या अक्षराचं काय करायचं?

कुठल्याही शिकलेल्या माणसाने अर्धा स पुढच्या त च्या डोक्यावर चढवून एकाच चौकोनात कोंबला असता. सगळी कोडी तशीच असतात. मिस्त्रींनी मास्तरांच्या खांद्यावरून कोडी लांबून पाहिली होती, त्यांना जवळ कोण बसवून घेणार? आणि फरशीवाल्याला अर्ध्या तुकड्याचं भय नसतं. अर्धं आलं तर अर्धी फरशी कापायची. मिस्त्रींनी पट्टी ठेवली, अर्ध्या स साठी बरोबर अर्धा चौकोन काढला आणि समाधानाने उरलेला घास खाल्ला.

पहिलं कोडं महिन्याभराने परत आलं. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, ‘चौकोन अर्धा नसतो.’ सोबत छापील चिठ्ठी. ‘आपले साहित्य मिळाले. साभार परत. कृपया गैरसमज नसावा.’

मिस्त्रींनी चिठ्ठी तीनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, बघ तरी! आभार मानलेत!”

“कोणी?”

“पेपरने! एवढा मोठा पेपर, आणि साभार लिहिलंय. आणि पुढे लिहिलंय, परत.”

“अहो, परत म्हणजे...”

“परत म्हणजे पुन्हा. पुन्हा पाठवा म्हणतात.”

बायको मास्तरांची लेक होती. साभार परत म्हणजे काय हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि घडी घालता घालता हळूच सांगितलं, “परत म्हणजे माघारी, हो. नको म्हणतात ते.”

मिस्त्रींनी त्या चौघडीकडे एकदा बघितलं. मग कानावरची पेन्सिल काढली. “मग ‘नको’ असंच लिहायचं. एका शब्दाचे दोन अर्थ असले तर त्यातला कुठला घ्यायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.”

आणि त्यांनी ठरवलं.

दुसरं कोडं त्यांनी धंद्याची अक्कल वापरून केलं. फरशीचा कापलेला तुकडा खोलीच्या मधोमध कोणी बसवत नाही. तो भिंतीकडे सारायचा, पलंगाखाली जाईल तिकडे. म्हणून मिस्त्रींनी या खेपेला सगळे अर्धे चौकोन डाव्या कडेला, भिंतीलगत रांगेत लावले आणि तिथून सुरू होणारे शब्दही तसेच निवडले, ज्यांची सुरुवातच अर्ध्या अक्षराने होते. न्याय, त्वचा, स्वभाव, व्यसन. न्याय अडीच अक्षरी, स्वभाव साडेतीन अक्षरी. मधली सगळी जमीन सलग, एकही तुकडा नाही. अशी सफाईदार जागा त्यांनी आयुष्यात दुसरी आखली नव्हती. तेही साभार परत आलं. या वेळी लाल शाईचासुद्धा खर्च कोणी केला नव्हता.

मग मिस्त्री शिकले. रद्दीतून जुन्या पुरवण्या आणून त्यांनी चौकोन मोजले, अर्ध्या अक्षरांना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. तरी कोडी परत येतच राहिली. कधी ‘शब्द फार अवघड’, कधी ‘शब्द फार सोपे’. एकदा ‘काळे चौकोन जास्त’ म्हणून परत आलं. काळे कमी करून धाडलं तर ‘पांढरे जास्त’. एकदा तर मिस्त्रींचं कोडं पाठवायचं सोडून कोणातरी बाईंची प्रवासाची हकीकतच पाकिटात आली. मिस्त्रींनी ती वाचली, आवडली, आणि ‘छान आहे, परत पाठवा’ असं लिहून बाईंना धाडून दिली. बाईंना त्यातला कुठला अर्थ लागला कोण जाणे.

बायको टोमणे मारायची, पण खणात जागा करत राहायची. “तेहतीस झाली. एवढ्या चिठ्ठ्यांत एक गोधडी झाली असती.”

“होईल. शेवटचा तुकडा यायचाय.”

“आणि आमच्या अण्णांना कळलं तर?”

“छापून आल्याशिवाय कळता कामा नये. त्यांच्या पेनाने सोडवलेलं मला बघायचंय. दया म्हणून सोडवलेलं नकोय.”

मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. जाड पाकिटं फरशीच्या नमुन्यांची असतात, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. “एवढे नमुने मागवतात आणि बसवतात मात्र एकच,” असं ते म्हणत. ते काही अगदीच चूक नव्हतं.

अकराव्या वर्षी त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत फरशी बदलायचं काम निघालं आणि ते फिरत फिरत मिस्त्रींकडे आलं. पुरवणीची खोली. काळ्या आणि पांढऱ्या फरश्या आधीच आणून ठेवलेल्या. “नक्षी काय करायची?” मिस्त्रींनी विचारलं. तिथला व्यवस्थापक फोनवर होता. त्याने ‘तुम्हाला हवी ती’ अशा अर्थाने हात हलवला.

माणसाने हात जरा जपून हलवावा. मिस्त्रींनी दोन दिवसांत त्या खोलीत आपलं एकतिसावं कोडं बसवलं, अक्षरांशिवाय. ‘काळे चौकोन जास्त’ म्हणून परत आलेलं तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सांधे भरत असताना पुरवणी सांभाळणारी बाई दारात येऊन उभी राहिली. तरुण होती, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, चेहऱ्यावर घर जळत असल्यासारखी घाई.

“पाय नका ठेवू, ताई. ओलं आहे.”

“माझं मशीन कुठंय?”

“बाहेर, बोळात. तारा काढून ठेवल्यात सगळ्यांच्या. साहेबांनीच सांगितलं.”

“अहो, रविवारचं कोडं त्यात आहे! आमचे कोडेकार गेलेत लेकीकडे, फोन उचलत नाहीत. चार वाजता पान जायचंय!” ती कपाळाला हात लावून खाली बघायला लागली, आणि बघतच राहिली. “ही जमीन... ही कोड्यासारखी दिसतेय.”

“कोडंच आहे.”

“कोणाचं?”

“तुम्ही परत केलेलं,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. “तुम्ही म्हणजे, तुमच्या आधी जे होते त्यांनी.”

“तुमच्याकडे आणखी आहे एखादं? आत्ता? बरोबर?”

मिस्त्रींनी थापी ठेवली, हात पुसले आणि हत्यारांच्या पिशवीतून जमिनीची सपाटी बघायची पाणसळीची बाटली काढली. तिच्याभोवती, ती फुटू नये म्हणून, एक कागद गुंडाळलेला होता. अकरा वर्षांत त्याच्या घड्या कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. अर्ध्या चौकोनांचं दुसरं कोडं. बाकी सगळी कोडी खणात गेली होती, हे तेवढं त्यांनी जवळ ठेवलं होतं.

बाईने ते बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले. “अर्धे चौकोन! हे काहीतरी एकदम नवीन आहे!”

“अकरा वर्षं जुनं आहे, ताई.”

“वाचकांना असंच काहीतरी हवं असतं. नाव सांगा तुमचं, पटकन.”

मिस्त्रींनी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एवढं पूर्ण नाव त्यांनी लग्नाच्या नोंदणीनंतर पहिल्यांदाच उच्चारलं असेल. बाईने ते जवळ पडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, कागद उचलला आणि पळाली. पुठ्ठा तिथेच राहिला. संध्याकाळी मिस्त्रींनी नेहमीच्या शिस्तीने सगळा कचरा गोळा केला, कारण कामाच्या जागी कपटाही मागे ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा, आणि सगळे पुठ्ठे चुरगाळून गाडीत टाकले.

रविवारी कोडं आलं. ‘नवे आव्हान! अर्ध्या चौकोनांचे कोडे.’ आणि नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘संकलित’.

“संकलित म्हणजे?” मिस्त्रींनी स्वयंपाकघरात बायकोला हळू आवाजात विचारलं.

“गोळा केलेलं.”

“कुठून?”

बायकोच्या नाकपुड्या फुलल्या. “मी आत्ता जाते आणि अण्णांना सांगते कोणाचं आहे ते!”

“थांब. नाव छापलेलं नाही, म्हणजे पुरावा नाही. उद्या म्हणतील, साडेआठवी फुशारक्या मारतात. ते सोडवतात का, तेवढं बघू.”

बाहेर मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. तो बारीकसा आवाज ऐकायला मिस्त्री अकरा वर्षं थांबले होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उगाचच पेन्सिलीला टोक काढायला लागले.

“आडवा, पहिला,” लेकीने वाचलं. “अडीच अक्षरी.”

“किती?”

“अडीच, अण्णा. अर्ध्या अक्षराला अर्धा चौकोन दिलाय. कडेला.”

मास्तरांनी भिंग डाव्या कडेवर नेलं. ते अर्ध्या चौकोनांवरून वर-खाली फिरवलं. मग म्हणाले, “अस्सं. म्हणजे याला जोडाक्षर कळतं. नाहीतर हे लोक अर्धं अक्षर दुसऱ्याच्या मानेवर बसवून मोकळे होतात. वाच पुढे.”

न्याय सुटला, त्वचा सुटली. “याला औषध नाही, साडेतीन अक्षरी,” लेकीने वाचलं.

“स्वभाव!” मास्तर म्हणाले आणि दाराकडे मान वळवली. “ते काय खरवडताय, साडेआठवी?”

“पेन्सिल, अण्णा.”

“ऐका जरा. कान सुधारतील. हा कोणीतरी गाढा विद्वान आहे. संस्कृत झालेलं असणार, व्याकरण तर पक्कंच.”

मिस्त्रींच्या हातातली पेन्सिल निम्मी झाली होती. त्यांनी मान खाली घातली. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि आलं तेही दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर.

“शेवटचा आडवा. वाट पाहणे. साडेतीन अक्षरी.”

“प्रतीक्षा,” मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. अर्ध्या चौकोनात अर्धा प, मग र, मग ती. पेन हवेत थांबलं. “चूक!”

लेकीने सूचनांवरून बोट उचललं. “काय झालं?”

“क्षा एका अख्ख्या चौकोनात बसवलाय! अगं, क्ष हे जोडाक्षर आहे. अर्धा क आणि ष. याच्याच नियमाने त्याला आणखी अर्धा चौकोन द्यायला हवा. साडेतीन नाही, चार! कागद आण. मी संपादकांना पत्र लिहितो.”

आणि त्यांनी लिहिलं. दोन पानी. तीस वर्षांत शाळेत ओतला नसेल एवढा जीव त्या पत्रात ओतला. ते टाकायला साडेआठवींनाच पाठवलं, आणि मिस्त्रींनी स्वतःच्या चुकीची तक्रार स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. तिकीट सरळ लागलंय ना, हेसुद्धा एक डोळा मिटून बघितलं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. बायकोने तळहातावर घेतलं. “जाड आहे हो!” सवयीने तोंडातून गेलं, आणि मग तिला दिसलं की पत्ता मिस्त्रींच्या नव्हे, अण्णांच्या अक्षरातला आहे.

“फोड,” मास्तर म्हणाले. “छापतो म्हणालेत का?”

तिने फोडलं. आत मास्तरांचं दोन पानी पत्र, छापील चिठ्ठी, आणि खाली कोणीतरी हाताने लिहिलेल्या चार ओळी. “साभार परत,” तिने वाचलं.

मास्तरांचा चेहरा, पोकळ फरशीवर हातोडा वाजावा तसा झाला. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चुका परत केल्या होत्या. स्वतःचं काही परत यायची ही पहिलीच वेळ. “आणि ते खाली काय लिहिलंय?”

तिने डोळ्यांसमोर कागद धरला आणि एकदा दाराकडे बघितलं. मिस्त्री नुकतेच कामावरून येऊन हातावरचं सिमेंट धूत होते. मग ती वाचायला लागली. “मी इथे टपाल विभागात आहे. पत्र छापता येत नाही. पण अर्धे चौकोन काढणारा माणूस मला माहीत आहे. अकरा वर्षं त्यांची कोडी पाकिटात घालून परत पाठवतोय, त्यातली बरीच आधी मी सोडवली आहेत. त्यांचा पत्ता पाठ आहे, तो देतो. चूक त्यांनाच विचारावी, फार लांब जावं लागणार नाही.”

“वाच पत्ता.”

तिने वाचला. घराचा क्रमांक, गल्ली, पिंपळाशेजारचं दार. मास्तर ऐकत होते, आणि क्रमांकावरच त्यांनी भिंग खाली ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मुलांना तीस वर्षं शिकवलेल्या माणसाने आपलं पत्र तिकीट लावून घरातून घरात पाठवलं होतं.

नळ बंद झाला. मिस्त्री ओल्या हातांनी दारात उभे राहिले.

“ते फरशीचे नमुने...” मास्तर म्हणाले.

“नमुनेच होते, अण्णा. पसंत पडले नाहीत.”

“किती?”

“तेहतीस.”

बायकोने छापील चिठ्ठीची नकळत चौघडी केली. मग मास्तरांनी गळा साफ केला आणि त्यांना सगळ्यात सोपं वाटत होतं तिथून सुरुवात केली. “क्ष चुकलाय तुमचा.”

“हो, अण्णा.”

“अख्खा नसतो तो.”

“दिसतो अख्खा. आणि वर्गातल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर त्याला अख्खा चौकोन दिलेला असतो ना? शेवटच्या ओळीत, ळ च्या शेजारी. मी तिथूनच घेतला.”

तसला तक्ता त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच पाठीमागे, तीस वर्षं टांगलेला होता. त्यांनी तोंडाने मुलांना फोड सांगितली होती, आणि मुलं बिचारी तक्त्याकडे बघत बसली होती.

“तक्ता चुकीचा आहे,” शेवटी ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. “मी कधी मागे वळून बघितलं नाही.” मग, जरा रागावूनच, “आणि हे संकलित काय असतं? माणसाला नाव नसतं का? बसा इथे.”

“ओला आहे मी.”

“बसा म्हणतो ना. पुन्हा पत्र लिहायचंय. क्ष बद्दल वेगळं आणि नावाबद्दल वेगळं.”

“छापणार नाहीत, अण्णा,” मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांत घरात एखाद्या विषयातले जाणकार म्हणून ते पहिल्यांदाच बोलत होते. “पहिलं परत आलं की जरा लागतं. चौथ्या-पाचव्यापासून होते सवय. आणि सोबत पाकीट जोडताना पत्ता चांगल्या अक्षरात काढावा. आपल्याकडेच यायचं असतं ते.”

मास्तरांनी लेकीच्या हातातली घडी घेतली, उलगडली आणि भिंग लावून ते दोन शब्द स्वतः वाचले. साभार. परत. शुद्धलेखनाची चूक सापडते का, तेही बघितलं. सापडली नाही.

“परत म्हणजे माघारी,” ते पुटपुटले.

“पुन्हा असाही होतो, अण्णा,” लेक म्हणाली. “आमच्याकडे तोच चालतो.”

मास्तरांनी टोपण काढलं. “व्याकरणात बसतो,” ते म्हणाले. “आणा कागद.”

नावाची दुरुस्ती पेपरने कधी छापली नाही. ती पत्रं, सगळी मिळून सहा, साभार घरी आली. पण हिवाळा सरता सरता त्या घरातून एक नवं कोडं गेलं. चौकोन जावयाचे, सूचना सासऱ्यांच्या, क्ष ला दीड चौकोन. खाली दोघांची नावं, त्यात आधी कोणाचं यावरून दोन रविवार भांडण झालेलं. पाकिटावरचा पत्ता मिस्त्रींनी काढला आणि मास्तरांनी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली.

महिन्याने टपाल आलं. बायकोने पाकीट तळहातावर ठेवलं, दोनदा वर-खाली केलं आणि दारातूनच हाक दिली, “जाड आहे हो!”

आतून दोन आवाज एकदमच आले, “परत!”